दिवे कधी जातात, ते आधी विचारा

मला जंगलात एसी नको होता. टीव्ही, फ्रिज, गरम पाण्याचा शॉवर यातलंही काही नको होतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण 'शहरातल्या माणसांना सगळं हॉटेलसारखं लागतं' असं त्या लॉजचा मालक आमच्यामागे सांगत फिरतो, हे आमच्या कानावर आलं आहे. मला रात्रीपुरती 40 वॅट वीज हवी होती. ती मिळेल का, हे मी बुकिंगच्या आधी विचारलं होतं.

ह्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, तोही तीव्र. सीपॅप मशीन लावल्याशिवाय रात्र निघत नाही, आणि अँजिओप्लास्टीनंतर तर एकही रात्र मशीन चुकवू नका, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. मी आधी फोनवर विचारलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारलं, 'मशीन 40 वॅटचं आहे, रात्रभर चालू ठेवावं लागतं, पावसात तुमच्याकडे चालेल ना?' उत्तर आलं, 'सोलर आहे ताई, डोन्ट वरी.' पुढे एक अंगठा. तो मेसेज आजही माझ्या फोनमध्ये आहे.

लॉजचं नाव लिहीत नाही. आंबोलीपासून चोर्ल्यापर्यंत सह्याद्रीचा जो दाट सदाहरित पट्टा आहे, त्यात ते आहे. गाडी ठराविक ठिकाणापर्यंतच जाते, पुढे त्यांची जीप. आमची गाडी भाड्याची होती, ती आजऱ्यामार्गे कोल्हापूरला परत गेली.

पावसात कशाला गेलात, हिवाळ्यात जायचं होतं, असं आता बरेच जण म्हणतात. हे जीवशास्त्राचे शिक्षक होते. बेडूक बघायचे तर पावसातच जावं लागतं. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जो आंबोली टोड शास्त्राला 2009 मध्ये माहीत झाला, तो तिथल्या सड्यांवर पावसाळ्यातच विणीला बाहेर पडतो. मलबार ग्लायडिंग फ्रॉगची फेसाची घरटी पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना लटकतात आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. रात्री ओल्या लाकडावर चमकणारी बुरशी दिसते, तीही पावसातच. हे सगळं वर्गात शिकवण्यात ह्यांचं आयुष्य गेलं, डोळ्यांनी मात्र बघायचं राहिलं होतं. त्या संध्याकाळी पाणवठ्यापाशी ह्यांनी फेसाचं घरटं पाहिलं आणि कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत. म्हणून मला जास्त राग येतो. त्या जागेबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मध्यरात्रीनंतर मला जाग आली, कारण मशीनचा आवाज थांबला होता. बटण दाबलं, दिवा नाही. ह्यांचा श्वास अडकायला लागला होता. ह्यांना उठवून बसवलं, टॉर्च घेतला आणि पावसातून जेवणाच्या हॉलकडे गेले. तिथे स्वयंपाकघर सांभाळणारे काका झोपले होते. लाईट गेली म्हटल्यावर त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "पावसात रातभर लाईट ऱ्हवणा नाय, वयनी. सगळ्यांक म्हायत आसा."

हे वाक्य ऐकून माझे हातपाय गार पडले. तोपर्यंत मला वाटत होतं की काहीतरी बिघाड झाला आहे. बिघाड नव्हताच. रोज तेच व्हायचं, आणि ते मालकापासून भांडी घासणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी विचारूनही फक्त मलाच सांगितलं गेलं नव्हतं.

आणि तेवढ्यात मला घरघर ऐकू आली. स्वयंपाकघरात मोठा डीप फ्रीझर चालू होता, मासे-चिकन ठेवायचा. त्याला वेगळी बॅटरी होती.

मालकाला उठवलं. डोक्याला टॉर्च लावून आला. मी म्हटलं, फ्रीझरच्या बॅटरीवर मशीन लावू द्या. तो म्हणाला, "त्यात माल आहे ताई, खराब होईल." मग मला ऐकवायला लागला, की ही इको जागा आहे, इथे निसर्ग ठरवतो, माणसाने इथे डिस्कनेक्ट व्हायला यायचं असतं. माझा नवरा तिकडे अंधारात उशीला टेकून श्वासासाठी धडपडत होता आणि हा मला निसर्ग समजावत होता. मी मेसेज उघडून दाखवला. त्याने वाचला आणि म्हणाला, "सोलर आहेच ना ताई. नाही कुठे म्हटलं?"

शेवटी काकाच उठले. फ्रीझरची पिन काढली, म्हणाले, "मासे कुसले तर कुसले," आणि स्वतःचं अंथरूण बाकावर घालून दिलं. उरलेली रात्र हे स्वयंपाकघरातच झोपले. भरलेला फ्रीझर उघडला नाही तर दिवसभर सहज गार राहतो, त्यामुळे मासे काही खराब झाले नाहीत. तरीही निघताना बिलात 'माल नुकसान' अशी ओळ होती. ते पैसे काकांच्या पगारातून कापले जाऊ नयेत म्हणून आम्ही भरले. उरलेल्या रात्रींचा अ‍ॅडव्हान्स मात्र त्याने परत दिला नाही.

माझा भाचा इचलकरंजीत सोलर बसवायचं काम करतो. त्याला मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, तेव्हा त्याने कागदावर हिशोब मांडला. तो इथे देते, कारण हा कोणी सांगत नाही. 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास साठवते. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे 900. चार खोल्या, खोलीत 9 वॅटचे दोन दिवे, संध्याकाळचे चार तास, हे झाले 288. वायफायचा राउटर 10 वॅटचा, दिवसरात्र चालू, ते 240. ह्यांचं मशीन 40 वॅटचं, आठ तास, 320. एकूण 848. म्हणजे बॅटरी भरलेली असती तर काठावर का होईना, भागलं असतं. पण ती भरणार कशी? 300 वॅटची दोन पॅनेलं उन्हाळ्यात दिवसाला दोन-सव्वादोन युनिट देतील. जुलैत, ढगांत आणि वर झाडांची सावली असताना, त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली, की घट त्या कोपऱ्यापुरती राहत नाही, आजूबाजूच्या सेलनाही बसते. म्हणजे त्या लॉजमध्ये जुलैत रात्रभर वीज पुरणं शक्यच नव्हतं, आणि हे कळायला मालकाला भाच्याइतकं शिकण्याचीही गरज नव्हती. तो तिथेच राहतो.

तेव्हा 'सोलर आहे का' असं विचारू नका. असं विचारा: बॅटरी किती अँपिअर-अवरची, किती खोल्यांत मिळून? पावसाळ्यात दिवे साधारण किती वाजता जातात? दुसरी सोय काय, जनरेटर की वेगळी बॅटरी, आणि ती पाहुण्यांना मिळते का? इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह आहे का? साध्या स्क्वेअर वेव्हवर काही वैद्यकीय उपकरणं नीट चालत नाहीत. उत्तर आकड्यांत आणि लेखी मागा. अंगठा आला तर पुन्हा विचारा. तरीही अंगठाच आला तर दुसरी जागा बघा. आणि जमलं तर तिथे काम करणाऱ्या माणसाशी एकदा फोनवर बोला. खरं तिथूनच कळतं.

सीपॅप असेल तर स्वतःची बॅटरी सोबत न्याच. मशीनच्या कंपनीची 12 किंवा 24 व्होल्टची डीसी केबल घ्या, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वाचते आणि जीपच्या बॅटरीवरही काम भागतं. ह्युमिडिफायर आणि नळी गरम करण्याची सोय बंद ठेवा. सगळ्यात जास्त वीज तेच खातात, आणि त्या हवेत ओलावा मुळात भरपूर असतो. जाण्याआधी घरी मेन स्विच बंद करून पूर्ण रात्र त्या बॅटरीवर काढून बघा. तरीही मशीन बंद पडलंच तर कुशीवर झोपवायचं, डोकं आणि पाठ उंच ठेवायची, आणि झोपेची गोळी किंवा दारू अजिबात नाही. आम्हाला डॉक्टरांनी हेच सांगितलेलं होतं.

ज्यांच्याकडे इन्सुलिन आहे त्यांनी फ्रिज गृहीत धरू नये. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर राहते, पण उन्हाजवळ किंवा चुलीजवळ नाही. नक्की मुदत आपल्या औषधाच्या पत्रकात बघा.

जळवांचं सगळे हसण्यावारी नेतात. ह्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत, आणि जळू मुळातच रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, त्यामुळे लहानसा चावाही तासन्‌तास वाहत राहतो. अशा माणसाने जळवांचे मोजे घालावेतच. जळू ओढून काढू नका, नखाने किंवा कार्डाच्या कडेने बाजूला सारा, मग स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

आता हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी. डिसेंबरपासून पावसापर्यंत या भागात माकडतापाचा धोका असतो. हा आजार 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. गेल्या दशकात तो गोव्यात सत्तरीत आणि आपल्याकडे दोडामार्गातही आला. तो गोचिडांमधून पसरतो. पालापाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, जंगलातून आल्यावर आंघोळ करून कपडे बदला. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. एवढं तरी लॉजवाल्यांनी बुकिंगच्या वेळी सांगायला हवं.

सापाविषयीही विचारा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. त्या जंगलात फांदीवर बसणारा चापडा, म्हणजे मलबार पिट व्हायपर, या चौघांत येत नाही. दवाखाना कोणता, किती लांब, रात्री जीप मिळेल का, घाट बंद असेल तर दुसरा रस्ता कोणता, हे आधी माहीत हवं. दोडामार्गचा माणूस गंभीर आजारात गोव्याला बांबोळीच्या रुग्णालयात धावतो, पाहुण्यांना तेही ठाऊक नसतं.

बाकी टॉर्च, रोकड, चटकन सुकणारे कपडे, कॅमेऱ्यासाठी सिलिका जेल, औषधं दुप्पट, हे कुठेही वाचायला मिळेल. जीन्स नेऊ नका, ती सुकत नाही. आणि राउटर बॅटरीवर असेल तर रात्री वीज आणि वायफायवरचा फोन एकदमच जातात, हे लक्षात ठेवा.

पैशांबद्दल एवढंच. बुकिंगचे मेसेज, पावत्या, बिलं सगळं जपून ठेवा, पैसे शक्यतो बँकेतूनच द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, लॉजच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तो मेसेज, अंगठ्यासकट, मी कोल्हापूरच्या आयोगाकडे जोडून दिला आहे.