प्रेस डबल मारतेय? बोल, पण एकटी नको

अगं, परवा तू म्हणालीस, "ताई, प्रेस डबल मारतेय, पण बोलले तर ठेकेदार उद्या गेटवरूनच परत पाठवेल." तुझी भीती खोटी नाही. ठेक्यावरच्या पोरीला काढायला एक फोन पुरतो. म्हणून 'धीट हो' असलं काही मी सांगणार नाही. कसं बोलायचं, ते सांगते.

पॉवर प्रेसला दोन बटणं दिलेली असतात ती उगाच नाही. दोन्ही हात बटणांवर असले की बोटं डायमध्ये राहूच शकत नाहीत. पण टार्गेट चढलं की कुणीतरी एका बटणात लाकडाची पाचर ठोकतं, म्हणजे एक हात जॉब लावायला मोकळा. सेन्सरही बंद करून ठेवतात. त्यात जुन्या प्रेसचा क्लच झिजलेला असला की एकदा दाबल्यावर स्लाइड दोनदा खाली येते. पहिल्या ठोक्यानंतर तू जॉब काढायला हात घालतेस आणि नेमका तेव्हाच दुसरा बसतो. 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांचे अहवाल काढते. त्यात बोटं जाण्याचं मोठं कारण पॉवर प्रेस हेच आहे.

तेव्हा डबल मारली की प्रेस बंद कर. परत चालवून बघू नकोस. सुपरवायझरकडे कुणा माणसाचं नाव घेऊ नकोस, प्रेसचं घे: "चार नंबर डबल मारतेय, सेटरला बोलवा." जाताना शेजारच्या दोघींना सोबत ने. लाइन थांबली की इन्सेंटिव्ह जाईल म्हणून त्याच तुला गप बस म्हणतील. त्यांना ती पाचर दाखव, हात त्यांचेही तिथेच जातात. मग शिफ्टच्या ग्रुपवर तेच दोन ओळींत टाक. तोंडी सांगितलेलं अपघातानंतर कुणाला आठवत नाही.

तरीही कुणी हललं नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अर्ज करता येतो. तक्रार कुणी केली हे निरीक्षकानं फोडायचं नाही, असं भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने कायद्यात घातलं गेलं. 2020 च्या सुरक्षा संहितेतही जिवावरचा धोका मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला दिलाय. पण छोट्या शॉपमध्ये कागदावर नाव नसलं तरी अंदाज लागतोच. म्हणून अर्ज चार-पाच जणींचा असू दे, नाहीतर युनियनमार्फत जाऊ दे.

आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर आजच मागून घे. बोट गेल्यावर घाईघाईनं कार्ड काढणारे ठेकेदार खूप आहेत.

उद्या पहिल्या पाळीला त्या बटणात पाचर दिसली, तर हात लावायच्या आधी मला फोन कर. मी पर्मनंट आहे, मला असं एका फोनवर काढता येत नाही. सुपरवायझरकडे आपण दोघी जाऊ.