जबड्याची सूज आणि तुकड्याची तपासणी

दाढ दुखू लागली की माणसाला काही सुचत नाही. कुणी लवंग धरतो, कुणी मिश्री दाबतो, कुणी तंबाखूची चिमूट भरतो. दोन-चार दिवसांनी ठणका थांबतो. आपण म्हणतो, "बरी झाली दाढ." पण पुष्कळदा ती बरी झालेली नसते, मेलेली असते. दाढेच्या पोटात एक बारीक नस असते. कीड तिच्यापर्यंत पोचली आणि नस कुजली, म्हणून दुखणे थांबले. ती घाण मग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरते. तिथे पू धरतो.

पू वाट शोधतो. कधी हिरडीवर पुटकुळी येते. कधी तो गालाची किंवा हनुवटीखालची कातडी फोडतो. बारीक भोक पडते आणि त्यातून पाणी झिरपत राहते. माणूस सहा-सहा महिने मलम लावतो. भोक भरते, पुन्हा फुटते. यात मलमाचा काय दोष? खाली मेलेली दाढ बसली आहे. तिचा इलाज झाला की भोक बुजते.

बाहेर फुटलेला पू परवडला, पण आत उतरलेला फार वाईट. खालच्या जबड्यातल्या मागच्या दाढांची मुळे जिभेखालच्या मऊ भागाला लागून असतात. तिथून पू गळ्यात उतरतो. जबड्याखाली दोन्हीकडे लाकडासारखी कडक सूज येते. जीभ वर उचलली जाते. लाळ गिळवत नाही, आवाज घोगरा होतो, आडवे पडले की गुदमरते. असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. शेकत बसू नये. १०८ ला फोन करावा, गाडी फुकट येते. मुरूडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर आहे. मुंबईला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू, असे म्हणून वेळ घालवू नये. पावसाळ्यात तर मांडव्याच्या साध्या लाँचाही बंद असतात. आधी श्वास वाचवायचा, मुंबईचे मग पाहू. ज्याला साखरेचा आजार आहे त्याने तर अशी सूज एक दिवसही अंगावर काढू नये.

रुग्णालयात काय करतात? सूज कापून पू काढतात, शिरेतून औषध देतात आणि दाढ उपटतात. नुसत्या गोळ्या खाऊन भागत नाही. साठलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही.

आता न दुखणाऱ्या सुजेकडे येऊ. तिच्यावर आम्ही जास्त बोलणार आहोत, कारण न दुखणाऱ्या सुजेला कुणी विचारीत नाही.

मेलेल्या दाढेच्या मुळाशी, किंवा हाडातच अडकून राहिलेल्या दाताभोवती, कधी पाण्याची पिशवी तयार होते. ती हळूहळू फुगते आणि हाड आतून पोखरते. वाळवी लागलेला वासा वरून धड दिसतो, तसेच हे. एखाद्या दिवशी साधा धक्का लागतो आणि जबडा मोडतो. एक्स-रे काढला तर ही पिशवी काळ्या डागासारखी दिसते. डॉक्टर ती अस्तरासकट काढतात. काही पिशव्या पुन्हा धरतात, म्हणून सांगितल्या वेळी पुन्हा दाखवायला जावे लागते.

दुसरी एक गाठ असते. ती कर्करोग नव्हे, पण जबड्याचे हाड खात जाते. वर्षानुवर्षे वाढते आणि चेहरा एका बाजूला वाकडा होतो. नुसती खरवडून काढली तर पुष्कळदा परत येते. म्हणून आजूबाजूचे थोडे चांगले हाडही काढावे लागते. मग जेवायचे कसे? पायाच्या नडगीशेजारी बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असते. त्याचा तुकडा रक्तवाहिनीसकट घेऊन नवा जबडा घडवतात. पाय राहतो, माणूस चालतो-फिरतो.

आणि तिसरा कर्करोग, ज्याला आपण कॅन्सर म्हणतो.

श्रीवर्धनचा रोठा कुणाला ठाऊक नाही? त्या सुपारीवर कितीतरी घरे चालतात. वाडीत घाम गाळणाऱ्याची निंदा करायला आम्ही हा पाठ लिहीत नाही. पण माहीत असलेली गोष्ट लपवणेही बरे नव्हे. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केले. सुपारी चघळून गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठ होते. तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर दाखवून या. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखूच. बायका ती दात घासायचे औषध समजतात, म्हणून तिचे नाव कुणी व्यसनात घेत नाही.

तोंडातले चट्टे दोन आठवड्यांत भरतात. त्यापुढेही राहिलेली जखम, पांढरा किंवा लाल डाग, कारण नसता हललेली दाढ, खालच्या ओठाला आलेला बधिरपणा, दाढ काढल्यावर न भरलेला खड्डा, ही लक्षणे दाखवायची. दाढेभोवती मांस वाढले असेल तर "दाढ हलते, ओढून टाका" असे म्हणू नये. आधी ते मांस दाखवावे.

यातले नेमके काय झाले आहे, हे नुसत्या डोळ्यांनी पक्के सांगता येत नाही. अनुभवी डॉक्टरलाही नाही. म्हणून तुकडा काढतात. इथेच माणसे घाबरतात. आमच्या वर्गातही एक मावशी म्हणाल्या, "गाठीला सुरी लागली की ती भडकते म्हणतात. माझ्या जावेला म्हणूनच जाऊ दिलं नाही."

मावशींना आम्ही सांगितले तेच इथे लिहितो. तुकडा काढल्याने तोंडातली गाठ भडकत नाही. पुष्कळ लोक तुकडा काढायलाच फार उशिरा जातात. तोवर रोग वाढलेला असतो आणि नाव मात्र सुरीचे होते. काम एवढेच असते. सुई टोचून जागा बधिर करतात. जखमेच्या कडेचा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा घेतात. एखादा टाका घालतात. माणूस त्याच दिवशी घरी येतो. तुकडा औषधाच्या बाटलीत ठेवतात. मग तो मेणात बसवून केसाहून कितीतरी पातळ चकत्या काढतात, त्या रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुधा आठवडाभरात उत्तर येते. हाडात पाण्याची पिशवी वाटली तर पुष्कळदा आधी सुईने पाणी काढून पाहतात.

मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ सालापासून आहे. तिथे २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या लवकर सापडलेल्या कर्करोगाची मोठी पाहणी झाली. एका गटात पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठीही काढल्या. दुसऱ्या गटात मानेत रोग दिसला तरच काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले शंभरात ८० जण जिवंत होते, दुसऱ्यातले ६७-६८. तेव्हा "रोग तोंडात आणि मान कशाला कापता?" असे कुणी विचारले तर हे सांगावे.

खर्चाची धास्ती असतेच. सरकारची फुकट उपचारांची योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. आज ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. जाताना शिधापत्रिका आणि आधारकार्ड घ्यावे. ठरलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारावे.

आणखी एक काम आता आपल्याला करता येते. तुकड्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावतात. तिच्यावर आपले नाव, तारीख आणि बाजू बरोबर लिहिली आहे का, हे विचारून घ्या. चिठ्ठी मराठीत असेल तर स्वतः वाचा. उत्तराचा कागद बहुधा इंग्रजीत येतो. तो डॉक्टरांकडून मराठीत समजून घ्या आणि शिधापत्रिकेच्या पिशवीतच ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर तोच मागतात.