एकतर्फी हुकूमनामा हाती आला तर

बाळ, बडोद्याच्या दांडियाबाजारातला वाडा सोडून तुम्ही मांजलपूरच्या फ्लॅटवर गेलात, पण बँकेच्या दफ्तरी तू अजून वाड्यातच राहतोस. जुन्या क्रेडिट कार्डाच्या दाव्याचं समन्स तिथेच गेलं, तारखेला तू नव्हतास, आणि कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा दिला. तोंड पाडू नकोस, चहा घे आणि ऐक.

१. पाकीट फेकू नकोस, हाती आलं ती तारीख त्यावर आजच लिही — हुकूमनामा रद्द करून मागायची मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलंच नसेल तर ती तुला कळल्या दिवसापासून धरतात, आणि तो दिवस शाबीत तुलाच करावा लागतो.

२. वर नीट वाच, कोर्टाचा हुकूमनामा आहे की लवादाचा निवाडा — कार्डवाले पुष्कळदा लवादाकडे जातात. त्याची वाट निराळी, मुदत ३ महिन्यांची.

३. उद्याच दिवाळीपुऱ्यातल्या कोर्टात नकलेचा अर्ज टाक (सवयीने सूरसागरकाठच्या न्यायमंदिरात जाशील, तिथून कोर्ट केव्हाच हललं) आणि वकिलाकडून फाईल पाहून घे — समन्स कुठल्या पत्त्यावर गेलं आणि बेलिफाने काय शेरा मारला, यावर पुढचं सगळं ठरतं. शेरा गुजरातीत असेल. नुसतं बोलता येतं म्हणून अंदाजाने वाचू नकोस. ‘राहत नाही’ असेल तर तुझी बाजू उभी राहते, ‘घेण्यास नकार’ असेल तर समन्स पोचलंच असं धरतात. पोस्टमन परतला म्हणून तारीख परतत नाही, राजा.

४. अर्जात नोकरी गेल्याची कहाणी लांबवू नकोस — कोर्ट इथे दोनच गोष्टी बघतं: समन्स नीट बजावलं नाही, किंवा हजर राहायला खरोखर अडचण होती. आणि तारीख आधीच ठाऊक होती, वेळही होता, असं निघालं तर बजावणीतल्या बारीक चुकीचा आधार मिळत नाही. तेव्हा वकिलापासून काही लपवू नकोस.

५. ३० दिवस उलटले असतील तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोड — कारण खरं आणि कागदासह असलं तर कोर्ट ऐकतं.

६. स्थगिती वेगळी माग, आणि थोडे पैसे बाजूला ठेव — नुसता अर्ज टाकला म्हणून जप्ती थांबत नाही, आणि हुकूमनामा रद्द करताना कोर्ट खर्च किंवा काही रक्कम भरायला लावू शकतं.

७. पूर्ण पगार जाईल म्हणून झोप घालवू नकोस — पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३१,००० पगार असेल तर १०,०००पर्यंतच हात लागतो. भविष्य निर्वाह निधीला तर नाहीच.

८. वसुलीवाला ‘आत टाकतो’ म्हणाला तर आवाज न चढवता फोन ठेव — निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितलंय. पैसा असून दडवणाऱ्याला मात्र ही ढाल नाही, हं.

९. देणं खरंच असेल तर तडजोड कर, लोकअदालतीत झाली तर उत्तमच — पण तिच्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल कर. भावाच्या भरवशावर आकडा ठोकू नकोस.

१०. बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र आल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस, आणि दिल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची कोर्टात नोंद करून घे — कोर्टाबाहेर दिलेला पैसा तिथे नोंदला नाही, तर दरखास्त चालवणारं कोर्ट तो मोजतच नाही. तोंडी माफी, कोर्टात बाकी! एवढ्या एका आळसापायी माणसं तेच पैसे दुसऱ्यांदा भरतात.

११. ‘३ वर्षं झाली, कर्ज बुडालं’ हे पारावरचं कायदेज्ञान सोड — ती ३ वर्षं दावा लावायची. हुकूमनामा १२ वर्षं बजावता येतो.

१२. बँकेत पत्ता बदल, पोच घे, आणि ई-कोर्ट्सवर अधूनमधून स्वतःचं नाव शोध — दुसरा एखादा दावा असला तर तारखेआधी कळेल.

१३. सूनबाईला सांग, कोर्टाचा कागद आला की घ्यायचा आणि संध्याकाळची वाट न बघता तुला फोन करायचा — तू घरी नसताना घरातल्या सज्ञान माणसाने घेतला, तरी तो तुलाच बजावला असं धरतात.