नाना, नाला आणि ७-वूड

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं मराठी म्हणजे आनंदीआनंद आहे! दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मग सायन्स, मग हे मेकॅनिकल. पण मराठी विभागाची संपादिका माझी रूममेट असल्यामुळे "काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत दे" हा तिचा हुकूम मोडायची सोय नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलंय. उरलेल्या चुका माझ्या.

विषय आहे गोल्फ. आता तुम्ही म्हणाल, हा श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध? आमच्याकडे संबंध आहे तो नानांमुळे. नाना म्हणजे माझे आजोबा, वय ७३. लष्करात ई.एम.ई. मध्ये होते, म्हणजे एका अर्थाने तेही मेकॅनिकलच. निवृत्तीनंतर आठवड्यातून तीनदा पहाटे खेळायला जायचं, हा त्यांचा नेम. आजी गेल्यापासून तर घराबाहेर पडायचं तेवढंच एक कारण उरलंय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर बॅग दाराआड उभी, वर धूळ. विचारलं तर म्हणाले, "सेट विकून टाकतोय. आता चेंडू नाल्यापलीकडे जात नाही."

हा नाला म्हणजे त्यांच्या मैदानावरचा सातवा होल. ग्रीनच्या अलीकडे नाला, तो ओलांडायला चेंडू हवेतून किमान १३८ यार्ड जायला हवा. नाना तिथे वर्षानुवर्षं ३-आयर्न मारत आले. आता दर वेळी डुबुक! सोबतचे मित्र काही बोलत नाहीत, आणि तेच त्यांना जास्त लागतं.

मी त्यांना म्हटलं, "विकायच्या आधी मला एक प्रयोग करू द्या." आणि इथून आपला लेख सुरू होतो.

आधी थोडी ओळख

गोल्फच्या बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यांचे ढोबळ प्रकार म्हणजे पटर, आयर्न आणि वूड. आयर्नचं डोकं चपट्या पात्यासारखं, वूडचं फुगीर, मागे पसरलेलं. पूर्वी ते खरोखर लाकडाचं असायचं, पर्सिमन नावाच्या झाडाचं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं बरं का! १९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढून धातूचं वूड बाजारात आणलं आणि हळूहळू लाकूड गेलं, नाव तेवढं राहिलं.

काठीचा फेस उभ्या रेषेपासून मागे किती कललेला आहे, त्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट कमी तर चेंडू खालून आणि वेगात, जास्त तर उंच आणि जवळ. ३-आयर्नचा लॉफ्ट साधारण २० ते २२ अंश, ७-वूडचाही साधारण २१. मग लॉफ्ट जर सारखाच, तर फरक कशाने पडतो? व्हायव्हाला विचारावा असा प्रश्न आहे!

प्रयोग

सिव्हिलच्या मैत्रिणीकडून ३० मीटरची टेप आणली. सकाळी सहाला सरावाच्या मैदानावर नाना मारणार, मी आणि कॅडीमामा बाजूला झाडाआड उभे. चेंडू जिथे पहिला टप्पा घेई तिथे चुन्याची खूण. घरंगळत पुढे गेलेलं मोजायचं नाही, कारण नाल्यावरून चेंडू घरंगळत जात नाही! प्रत्येक काठीने दहा फटके. त्यातले सर्वात लांबचे दोन आणि सर्वात जवळचे दोन सोडून उरलेल्या सहांची सरासरी. (१ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर.)

निकाल असा आला:
५-आयर्न: १३२ यार्ड
४-आयर्न: १३५ यार्ड
३-आयर्न: १३१ यार्ड
३-वूड: १५८ यार्ड

नीट बघा. ३-आयर्न ही ५-आयर्नपेक्षा लांब जायला हवी, ती उलट एक यार्ड कमी जात होती. म्हणजे बॅगेतल्या तीन काठ्या एकच काम करत होत्या, आणि १३५ ते १५८ च्या मध्ये काहीच नव्हतं. नाला नेमका त्या भोकात! ३-वूड मारावं तर चेंडू ग्रीनच्या पार मागच्या झाडीत.

आणखी एक गोष्ट. ३-आयर्नचा सर्वात वाईट फटका ९८ आणि सर्वात चांगला १५२ यार्ड. नानांना आठवतो तो १५२ चा. आपलं सगळ्यांचं असंच असतं, नाही का? एका सबमिशनला चांगले मार्क पडले की तेच आपण दर वेळी धरून चालतो. हत्यार निवडायचं ते नेहमी जे हातून होतं त्यावरून, एखाद्या दिवशी जे झालं त्यावरून नाही.

असं का होतं?

अकरावीचं सूत्र आठवा: पल्ला = u² sin2θ / g. हवेचा विरोध आणि चेंडूची उलटी फिरकी यामुळे खरे आकडे वेगळे येतात, पण कल तोच. वेग u तसाच ठेवून उडण्याचा कोन १२ वरून १६ अंश केला, तर sin2θ ०.४१ वरून ०.५३ होतो. तरुण खेळाडूकडे वेग भरपूर असतो, त्यामुळे कमी कोनातही फिरकी चेंडूला उचलून धरते. वय झालं, वेग उतरला, की कमी लॉफ्टचा चेंडू उंची गाठायच्या आतच खाली येतो. म्हणून ज्याचा वेग कमी, त्याला कोन जास्त पाहिजे.

७-वूड हा कोन कुठून आणतं? तीन कारणं आहेत.

पहिलं, लांबी. ३-आयर्न साधारण ३९ इंच, ७-वूड साधारण ४२ इंच. हात धरून फिरण्याची त्रिज्या ढोबळमानाने १.६ मीटर धरली, तर ३ इंच म्हणजे ७.६ सेंटीमीटर वाढल्यावर v = ωr प्रमाणे वेग चार-पाच टक्के वाढतो. प्रत्यक्षात थोडा कमीच, कारण लांब काठी तेवढ्याच झपाट्याने फिरत नाही. पण फुकट मिळतोय तो वेग कोण सोडेल?

दुसरं, गुरुत्वमध्य. वूडचं वजन फेसच्या बरंच मागे असतं. फटक्याच्या क्षणी हे मागचं वजन शाफ्टच्या रेषेत यायला ओढ घेतं, त्यामुळे शाफ्ट किंचित पुढे वाकतो आणि फेस आणखी वर बघायला लागतो. म्हणजे काठीवर २१ लिहिलेलं असलं तरी चेंडूला भेटताना लॉफ्ट वाढलेला असतो. चपट्या आयर्नमध्ये हा फायदा फारच थोडा.

तिसरं, जडत्वाघूर्ण, आपला लाडका मोमेंट ऑफ इनर्शिया! I = Σmr². पोकळ डोक्यात वस्तुमान कडेला असतं, r मोठा, म्हणून I मोठा. चेंडू मध्यावर लागला नाही तरी डोकं कमी वळतं आणि नुकसान कमी होतं. हाच विचार आयर्न आणि पटरमध्ये आणला कार्स्टन सोल्हाइम यांनी. ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते. स्वतःचं पटिंग वाईट म्हणून घरच्या गॅरेजमध्ये पटर बनवला आणि १९५९ मध्ये पिंग कंपनी उभी केली. इंजिनिअरने गोल्फमध्ये नाक खुपसायची परंपरा जुनी आहे!

याशिवाय सोल, म्हणजे काठीचा तळ. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर. तो जमिनीवर असेल तर २१ अंशाचा फेस त्याला जमिनीपासून जेमतेम १४ मिलिमीटरवर भेटतो (२१.३ × (१ − sin२१°), करून बघा). चूक करायला जागाच नाही. थोडं मागे लागलं की आयर्नची अरुंद धार जमिनीत रुतते. वूडचा रुंद गोलसर तळ घसरत पुढे जातो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन दगडासारखी होते, तेव्हा हे मनगटालाच आधी कळतं. आणि पावसाळ्यात चेंडू पडेल तिथेच रुततो, तेव्हा हवेतलं अंतर हेच काय ते अंतर.

मग हायब्रीड का नाही?

बरोबर प्रश्न! हायब्रीड म्हणजे आयर्न आणि वूड यांच्या मधला प्रकार. शाफ्ट वूडपेक्षा आखूड, डोकं लहान. दाट गवतातून ते चांगलं निघतं, वाऱ्यात चेंडू खाली राहतो, आणि आखूड असल्याने नेम धरायला सोपं. ७-वूड जास्त उंच उडवतं, आणि उंचावरून सरळ खाली आलेला चेंडू ग्रीनवर थांबतो. सारांश: वारा आणि झाडोरा जास्त तर हायब्रीड, नाला ओलांडून थांबायचं असेल तर ७ किंवा ९-वूड. जोराच्या वाऱ्यात ७-वूडचा चेंडू भरकटतो, हा त्याचा दोष मान्य करायलाच हवा.

घेताना काय पाहावं

१. आकड्यावर जाऊ नका, लॉफ्ट वाचा. ७-वूड कुठे २०, कुठे २२ अंशही असतं. ९-वूड साधारण २४.
२. आधी स्वतःची अंतरं मोजा आणि भोक कुठे आहे ते शोधा. दोन काठ्यांत १० ते १५ यार्डांचा फरक हवा.
३. शाफ्ट आपल्या वेगाला साजेसा लवचीक हवा. नानांनी हट्टाने कडक शाफ्ट धरला होता, तो बदलला.
४. खऱ्या गवतावर मारून बघा. चटईवर मागे लागलेला फटकाही उडी मारून नीट लागल्यासारखा वाटतो. चटई खोटं बोलते!
५. मारताना चेंडू मध्यापेक्षा जरा पुढे ठेवा, आणि त्याला उचलायला जाऊ नका. उचलायचं काम लॉफ्टचं.

खरी अडचण

हे सगळं मी नानांना वहीत आकृत्या काढून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती बायकांची काठी आहे."

मी गप्प बसले. मेकॅनिकलला ॲडमिशन घेताना हेच वाक्य मी निराळ्या शब्दांत घरी-दारी ऐकलं होतं, आणि तेव्हा माझ्या बाजूने एकटे नाना उभे राहिले होते. ते त्यांनाही आठवलं असावं, कारण पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "बरं, सांगा इंजिनिअर साहेब."

मग मी सांगितलं. २०२० च्या मास्टर्समध्ये डस्टिन जॉन्सनने २६८ असा त्या स्पर्धेतला विक्रमी स्कोअर केला, तेव्हा त्याच्या बॅगेत ७-वूड होतं. आणि बाईच म्हणायची तर आपली अदिती अशोक. लांब फटके हे तिचं बलस्थान नाही, इतर मुली जिथे आयर्न मारतात तिथे तिला कितीदा तरी वूड किंवा हायब्रीड काढावं लागतं. तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली झालं ते) ती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकलं.

नाना म्हणाले, "आण."

सेकंड हँड ७-वूड मिळालं. तशाच दहा फटक्यांची सरासरी १४७ यार्ड, सर्वात वाईट १२९. भोक बुजलं! १४ चा नियम असल्यामुळे ३-आयर्न बॅगेतून निघाली.

पहिल्या दिवशी सातव्या होलवर काय झालं? डुबुक! नानांनी उचलायचा प्रयत्न केला आणि चेंडूचं डोकंच मारलं. मी मान खाली घातली. मित्रांपैकी एकजण मात्र मोठ्याने हसले, आणि नानाही हसले. दुसरा चेंडू ठेवला, तो पलीकडे गेला. फार सुंदर नव्हता, ग्रीनच्या कडेला पडला. पण नाल्याच्या पलीकडे पडला.

सेट विकायचा विषय परत निघालेला नाही. ३-आयर्न दाराआडच असते. नाना म्हणतात, कुत्री हाकलायला बरी आहे. पण मागच्या सुट्टीत बघितलं, तिच्यावर धूळ नव्हती. कधीतरी पुसत असावेत. पुसू देत. बॅगेत नाही ना, बस्स!

तर मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी "आता जमत नाही" म्हणून काही सोडायला निघालं असेल, तर आधी टेप घेऊन मोजा. कधी कधी माणूस कमी पडलेला नसतो, हातातली काठी बदलायची वेळ झालेली असते.