ट्रॅक्टरच्या गिअरपेटीची निगा

वाफसा शेतकऱ्यासाठी थांबत नाही. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हातची वेळ गेल्याचे नुकसान मोठे ठरते. इंजिनाचे तेल, पाणी व हवेची गाळणी ह्यांकडे बहुतेक मालक लक्ष देतात. परंतु इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचविणारे भाग आवाज करू लागेपर्यंत दुर्लक्षित राहतात. आणि आवाज येऊ लागतो तेव्हा पुष्कळ झीज होऊन गेलेली असते. ही झीज टाळण्याचा उपाय महाग नाही. योग्य, स्वच्छ व पुरेसे तेल आणि क्लचचा शिस्तीने वापर, एवढ्यात तो सामावलेला आहे.

रचना

इंजिनाची शक्ती प्रथम क्लचमध्ये, तेथून गिअरपेटीत, नंतर डिफरन्शियलमध्ये आणि शेवटी मागील आसांवाटे चाकांकडे जाते. गिअरपेटीत लहानमोठी दातेरी चक्रे असतात. लहान चक्राने मोठे चक्र फिरविले की वेग कमी होतो व ओढण्याचा जोर वाढतो; म्हणून नांगरटीस खालचा गिअर लागतो. जुन्या उसाच्या चरकाच्या दात्यांना जसे वंगण लागे, तसेच ह्या दात्यांनाही लागते. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो तोवरच ते टिकतात.

अनेक ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरन्शियल व हायड्रॉलिक यंत्रणा ह्यांना एकच तेल पुरते. अशा ट्रॅक्टरात ट्रॉलीच्या हायड्रॉलिक नळीचे तोंड न पुसता ती जोडली, तर तोंडावरची धूळ थेट तेलात मिसळते. नळी जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसावीत.

तेलाची तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे व तेल खाली बसू द्यावे. मोजपट्टीच्या भोवतालची माती आधी पुसावी. पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालावी व मग पातळी पाहावी. ती दोन्ही खुणांच्या मध्ये असली पाहिजे. तेल कमी असल्यास दाते व बेअरिंगे तापतात. फाजील असल्यास ते घुसळून फेसाळते व सीलमधून बाहेर येते.

पातळीइतकेच रंगाकडेही लक्ष द्यावे. तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर त्यात पाणी शिरले आहे हे निश्चित समजावे. भात खाचरांत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत हा दोष विशेष आढळतो. आसाचे किंवा मागील शक्तिदांड्याचे सील झिजले असेल, त्यावर गवत अथवा सुतळी गुंडाळून ते कापले गेले असेल, किंवा मोजपट्टीचे झाकण सैल असेल, तर पाणी आत जाते. अशा तेलावर ट्रॅक्टर चालवू नये. पाणी शिरण्याची वाट आधी बंद करावी आणि मगच नवे तेल भरावे. नाही तर नवे तेलही वाया जाईल.

गिअरपेटीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक लहान वाट ठेवलेली असते. ती चिखलाने बुजल्यास तापलेल्या तेलाचा दाब सीलवर येतो. ती मोकळी ठेवावी. मात्र धुताना तिच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.

तेल बदलणे

पुष्कळ ट्रॅक्टरांत हे तेल सुमारे १,००० तासांच्या कामानंतर बदलावे लागते. नव्या ट्रॅक्टरात पहिला बदल बराच लवकर असतो. नेमके तास व तेलाचा प्रकार पुस्तिकेवरूनच ठरवावा. ज्यांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, अशा ट्रॅक्टरांत स्वस्त मिळते म्हणून भलतेच तेल घातल्यास ब्रेकही बिघडतात.

तेल कोमट असतानाच काढावे, म्हणजे गाळ त्याबरोबर वाहून जातो. खालच्या बुचावर लोहचुंबक असल्यास ते पाहावे. त्यावरची बारीक करडी पूड नेहमीच्या झिजेची असते. परंतु धातूचे कण किंवा दात्याचे तुकडे आढळल्यास ट्रॅक्टर कामास न लावता कारागिराला दाखवावा. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे.

क्लच आणि गिअर

गिअर टाकताना करकर आवाज आला की गिअरपेटीला दोष दिला जातो. वास्तविक अनेकदा दोष क्लचच्या जुळणीत असतो. क्लचचे पेडल दाबताना सुरुवातीस काही अंतर ते सहज खाली जाते. ही मोकळी चाल अनेक ट्रॅक्टरांत २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. नेमके माप पुस्तिकेत असते. चाल फार वाढली तर क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर करकरतो. ती उरलीच नाही तर क्लच घसरतो : इंजिनाचा वेग वाढतो, ट्रॅक्टर ओढत नाही आणि जळका वास येतो. ही जुळणी शेतावरही करता येते.

चालताना पेडलवर पाय ठेवून बसण्याची सवय मोडावी. गिअर आपोआप निसटणे, सतत घरघर येणे किंवा गिअर अडकणे, हे दोष आतल्या झिजेचे असतात. त्यासाठी ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो. हे काम दगडांच्या व जॅकच्या आधाराने झाडाखाली करू नये. ट्रॅक्टर घसरल्यास माणूस दगावतो. ते कार्यशाळेतच करावे.

भरलेली ट्रॉली घेऊन उतार उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गिअर सोडणे अत्यंत घातक आहे. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा व क्लच दाबू नये, म्हणजे इंजिनाचा अटकाव मिळतो. एकदा वेग वाढल्यावर गिअर पुन्हा बसत नाही आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एक दिवस ठरवून गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र बोलवावे. प्रत्येक ट्रॅक्टराच्या तेलाची पातळी व रंग, सीलची गळती आणि क्लचची मोकळी चाल त्यांच्याच हातून तपासून घ्यावी आणि कामाचे तास वहीत नोंदवावेत. एका सकाळच्या ह्या कामाने पेरणीचे अनेक दिवस वाचतील.