अजिंक्य नायक आणि उत्साहाचे स्थलांतर : ‘वन-पंच मॅन’च्या संदर्भात

कथात्म साहित्याच्या विवेचनात संघर्ष हा कथानकाचा कणा मानला जातो. नायकाच्या मार्गात अडथळा येतो, त्याच्या यशाविषयी संदेह निर्माण होतो आणि त्या संदेहावर वाचकाची उत्कंठा पोसली जाते. परंतु नायक आरंभापासूनच अजिंक्य असेल तर संदेहाला जागाच उरत नाही. जपानी अ‍ॅनिमे मालिकांत असे नायक विपुल आढळतात. त्यांच्या कथा कशाच्या बळावर उभ्या राहतात, हा प्रश्न म्हणूनच कथनमीमांसेच्या कक्षेत येतो.

या परंपरेची पूर्वपीठिका म्हणून अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ (१९८४–१९९५) या चित्रकथेकडे पाहावे लागते. तिचा नायक गोकू अजिंक्य नाही. त्याच्याहून बलवान प्रतिस्पर्धी सतत येत राहतो. मात्र येथे बळ मोजले जाऊ लागले. एका सामान्य शेतकऱ्याचे बळ ५, तर फ्रीझा या खलनायकाचे त्याच्या प्रथम रूपातच ५,३०,००० ! आकडे असे फुगत गेले की यामुचासारख्या जुन्या सहकाऱ्यांना प्रेक्षकाची भूमिका पत्करावी लागली. नायकाच्या वाढत्या सामर्थ्याची किंमत दुय्यम पात्रे चुकवतात, हे येथे स्पष्ट दिसते.

‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकथाकाराने २००९ मध्ये सुरू केलेली ‘वन-पंच मॅन’ ही कथा नेमका उलटा मार्ग घेते. युसुके मुराता यांनी २०१२ पासून ती नव्याने रेखाटली आणि शिंगो नात्सुमे यांच्या दिग्दर्शनाखाली २०१५ मध्ये तिची बारा भागांची मालिका झाली. तिचा नायक सैतामा रोज शंभर जोर, शंभर बैठका आणि दहा किलोमीटर धावणे अशा (तसे पाहता शाळकरी वाटणाऱ्या) व्यायामाने तीन वर्षांत अजिंक्य होतो. त्यात त्याचे केस मात्र गळतात. कोणताही शत्रू एका ठोशात संपतो, आणि म्हणूनच सैतामा कंटाळलेला आहे.

भरताने वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितला आहे. जिंकावयास योग्य असा प्रतिस्पर्धी हा त्याचा आलंबनविभाव. सैतामाला असे आलंबनच उपलब्ध नाही. परिणामी त्याच्या ठिकाणचा उत्साह मावळला आहे. वीरकथेचा नायक वीररसाचा आश्रय राहू शकत नाही, ही या कथेची खरी अडचण आहे आणि तिचे सामर्थ्यही. कारण तो उत्साह नष्ट न होता अन्यत्र जातो.

आठव्या-नवव्या भागांतील सागरराजाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नागरिक आश्रयस्थानात अडकलेले आहेत. एकेक वीर पराभूत होतो; एका मुलीला वाचवताना यंत्रमानव जेनोस जवळजवळ उद्ध्वस्त होतो. सैतामा अद्याप पोहोचलेला नाही. प्रेक्षकाला अंतिम निकाल ठाऊक असतो. त्याला ठाऊक नसते ते एवढेच की तोपर्यंत काय काय घडेल. या विलंबाच्या अवकाशात मुमेन रायडर सायकलीवरून येतो. तो ‘क’ श्रेणीचा वीर आहे, आपण जिंकू शकत नाही हे तो जाणतो आणि तरीही उभा राहतो. जिंकण्याची शक्यता वजा केल्यानंतर जो शिल्लक राहतो तो उत्साह येथे शुद्ध स्वरूपात दिसतो. सैतामाचा ठोसा त्यानंतर क्षणात पडतो आणि कथनाच्या दृष्टीने तो जवळजवळ औपचारिक आहे.

खरे मर्म त्याच्याही पुढे आहे. जमावातील एकजण पराभूत वीरांची हेटाळणी करू लागताच सैतामा, इतरांनी शत्रूला आधीच थकवले होते, आपण केवळ श्रेय लाटले, असे खोटेच सांगतो. त्याच्यापाशी बळाने सोडवता न येणारी एकच गोष्ट आहे : लोकांचे मत. तेथे तो स्वतःची प्रतिष्ठा खर्ची घालतो. या नायकाला काहीतरी गमावता येते, हे प्रथमच दिसते.

अर्थात ही युक्ती अमर्याद काळ पुरत नाही. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात गारो या मानवी प्रतिनायकाभोवती कथा फिरू लागते आणि सैतामा आपल्याच कथेत पाहुण्यासारखा येत-जात राहतो. अन्य जगात पुनर्जन्म घेऊन आयते सामर्थ्य मिळवणाऱ्या नायकांच्या असंख्य मालिकांत तर हा प्रश्न जाणवलेलाही दिसत नाही. तेथे बळ ही केवळ सोय असते.

कानेहितो यामादा व त्सुकासा आबे यांच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीरेन’ने (मालिका २०२३) निराळा विचार केला आहे. हजाराहून अधिक वर्षे जगलेली ही जादूगार आपले सामर्थ्य जाणूनबुजून लपवते, आणि आउरा ही असुरस्त्री त्यामुळेच फसते. तो विजय काही क्षणांत आटोपतो. कथा मात्र आधीच सुरू झालेली असते : राक्षसराजाचा वध झाल्यानंतर, दहा वर्षे सोबत चाललेल्या हिम्मेलच्या अंत्यविधीच्या वेळी, आपण या माणसाला ओळखून घेतलेच नाही हे तिच्या ध्यानात येते तेथून.