सशाची त्वचा : काय पाहावे, काय करावे

ससा दुखले-खुपले तरी सहसा ओरडत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा त्याचे कान, नाक, पंजे आणि शेपटीखालचा भाग आपणच तपासू या.

कानात पिवळट-तपकिरी खपल्यांचे थर दिसले आणि ससा डोके झटकत असेल, तर बहुधा माइट नावाच्या बारीक किडींची लागण असते. खपली ओढू नये. खालची कातडी सोललेली असते. औषध लागू पडले की खपली आपोआप गळते.

नाकावर व बोटांवर पांढरट खपल्या असतील तर खरूज असू शकते. गोल टक्कल पडून कोंडा दिसला तर गजकर्णाची शंका घ्यावी. हे दोन्ही माणसालाही होऊ शकतात. सशाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

पावसाळ्यात शेपटीखाली ओले राहिले की माशा अंडी घालतात. अळ्या दिसताच पशुवैद्याकडे न्यावे.

सर्वांत महत्त्वाचे : कुत्र्याचे गोचिडांचे औषध सशाला लावू नये. अशा बऱ्याच औषधांत फिप्रोनिल असते. त्याने सशाला झटके येऊन तो दगावू शकतो. डॉक्टर वजनानुसार औषध देतात. उरलेल्या अंड्यांतून नव्या किडी निघतात, म्हणून काही दिवसांनी दुसरी मात्राही देतात. खपली गेली तरी ती चुकवू नये.

स्वाध्याय : आपल्या सशाचे वजन करून तारखेसह वहीत लिहा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.